मधुमेहींचं दंतरोपण : मुदत कोण सांगणार?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत शेवटच्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात एक लेख होता. मधुमेह असेल तर इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर दात बसवण्याच्या, भानगडीत पडू नये, जखम भरत नाही, स्क्रू निघून येतो, पैसे पाण्यात जातात, असा त्याचा एकंदर सूर. त्याच पानावर खाली पाव पान रंगीत जाहिरात होती : 'शुगर आहे? काळजी नको! ३ दिवसांत पक्के दात.' आमच्या गल्लीतले एक गृहस्थ हे पान वरपासून खालपर्यंत वाचून पेपर घेऊनच माझ्याकडे आले. म्हणाले, "यातलं खरं कुठलं तेवढं सांगा." त्यांना तोंडी जे सांगितलं ते जरा नीट मांडून आपल्याकडे पाठवतो आहे.

आधी मी कोण ते. मी दाताचा डॉक्टर नाही, डेंटल मेकॅनिक आहे. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात, तो आमच्या लॅबमध्ये येतो, आम्ही त्यात प्लास्टर ओतून मॉडेल काढतो आणि त्यावर कॅप, ब्रिज, कवळी करतो. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये डॉक्टरांबरोबर हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांचीही नोंद करण्याची तरतूद होती. म्हणजे कायद्याला आम्ही ठाऊक आहोत, पेशंटला नाही. जत, तासगाव, विटा, जयसिंगपूर इथून ठसे यायचे ते एसटीच्या पार्सलने. आता बरेच डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवून फाईल पाठवतात. मी स्वतः मधुमेही आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या घेतो, आणि खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या जागी माझ्या तोंडात एक इम्प्लांट आहे. गिऱ्हाईकही मीच आणि कारागीरही मीच, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.

लेखाचं आधी घेऊ. मधुमेह्याला दात बसवू नका म्हणणं सोपं आहे, पण मग तो खातो काय हे कुणी बघत नाही. दाढा गेलेला माणूस सकाळी चहात बिस्किटं बुडवतो, दुपारी मऊ भात आमटीत कालवतो, संध्याकाळी उपीट नाहीतर शिरा. डॉक्टरांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं काकडी, गाजर, मोडाची मटकी, ज्वारीची भाकरी, मूठभर शेंगदाणे. यातलं दाढेशिवाय काय चावणार? तक्ता फ्रिजवर चिकटलेला आणि पोटात भात-बिस्किट, असे लोक मला मॉडेलवरूनच ओळखू येतात. त्यांचे पुढचे दात झिजून सपाट झालेले असतात, कारण दाढांचं काम तेच करत असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. एवढ्या लोकांना 'तुम्हाला नकोच' असं एका लेखात सांगून मोकळं होता येत नाही.

आता इम्प्लांट धरतो कसा ते बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लुंड इथे सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक खोळ बसवून रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून बघत होते. प्रयोग संपला तेव्हा खोळ निघेना. हाड तिला धरून वाढलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते वापरात होते. इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक क्लिनिकच्या माहितीपत्रकात असते. तिचा पुढचा भाग मात्र छापत नाहीत. ब्रॉनेमार्क यांची शिस्त अशी होती की स्क्रू घालून हिरडी वरून शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात ३ महिने, वरच्यात ६ महिने त्यावर कसलाही भार टाकायचा नाही. वरचं हाड विरळ असतं म्हणून मुदत जास्त.

पुढे स्क्रूचा पृष्ठभाग खरखरीत करण्याची तंत्रं आली, हाड लवकर धरू लागलं, मुदत कमी झाली. लगेच दात बसवण्याची पद्धतही थोतांड नाही. हाड भरीव असेल, स्क्रू पुरेशा ताकदीने घट्ट बसला असेल, चावण्याचा भार नीट वाटून दिला असेल तर जाणकार डॉक्टर ते करतात आणि ते टिकतंही. पण हे 'असेल तर' जाहिरातीत बसत नाही.

स्क्रू घातला त्या दिवशी तो घट्ट असतो तो आट्यांच्या पकडीमुळे. मग शरीर ड्रिलने दुखावलेलं हाड हळूहळू काढून टाकतं आणि तिथे नवं भरतं. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी पुरती आलेली नाही, असा एक पडता काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो. निरोगी माणसातही येतो. रक्तात साखर सतत जास्त असेल तर हाड भरणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जागेवर उशिरा पोहोचतात, बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतात. शिवाय साखर प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण रिपोर्टमध्ये वाचतो, पण हिरडीतल्या आणि हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनालाही ती तशीच चिकटत असते आणि तिथली दुरुस्ती बिघडवत असते. त्यामुळे तो पडता काळ अधिक खोल जातो आणि लांबतो.

हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे थॉमस ओट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहींच्या इम्प्लांटची घट्टपणाची मोजणी केली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी, म्हणजे एचबीएवनसी, ८.१ किंवा त्याहून वर होती, त्यांच्या स्क्रूचा घट्टपणा जास्त खाली गेला आणि मूळ पातळीवर यायला जास्त वेळ लागला. त्याच गटाचा २०१४ चा अभ्यास आणखी बोलका आहे. दात नसलेल्या शंभरावर लोकांना खालच्या जबड्यात दोन-दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी दिली. त्यात मधुमेह नसलेले होते, शुगर ताब्यात असलेले होते आणि अजिबात ताब्यात नसलेलेही होते. वर्षाअखेर तिन्ही गटांत जवळपास सगळे इम्प्लांट जागेवर होते. ज्यांची शुगर जास्त त्यांना धरायला उशीर लागला, पण धरलं.

म्हणजे आपला लेख चुकला. पण जाहिरातवाल्यांनी लगेच हसू नये. त्या अभ्यासात भार टाकण्याआधी चार महिने थांबले होते. आणि इम्प्लांट होते खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, जिथलं हाड तोंडात सगळ्यात भरीव. वरच्या मागच्या दाढेच्या विरळ हाडात, तीन दिवसांत, नऊच्या वर एचबीएवनसी घेऊन काय होईल, याचं उत्तर त्यातून काढता येत नाही. आमच्या लॅबमध्येही असंच होतं. प्लास्टर सेट व्हायच्या आत मॉडेल ओढलं की नेमकी दाताची कड तुटते आणि मग प्लास्टर भिकार होतं असं पोरं सांगतात. प्लास्टर चांगलं असतं, घड्याळ बघितलेलं नसतं.

मधुमेह्याच्या बाबतीत 'बसवायचा की नाही' हा प्रश्न बऱ्याच वेळा दुय्यम असतो. 'कधी बसवायचा, आणि बसवल्यावर भार कधी टाकायचा' हा खरा प्रश्न. ती मुदत पेशंटला कोण सांगतं? माझ्या पाहण्यात फार थोडे.

बहुतेक ठिकाणी काय होतं, तर खुर्चीत बसवल्यावर बोटाला सुई टोचतात. १३० आली, चला. त्या गृहस्थांनी आदल्या दिवशी दुपारपासून काही खाल्लेलं नसतं, भीतीने. सुईच्या शुगरने त्या क्षणाचं कळतं, ऑपरेशनच्या वेळी चक्कर येऊ नये म्हणून ती बघायलाच हवी. पण हाड भरायला लागतात महिने, आणि त्या महिन्यांचा हिशेब एचबीएवनसीत असतो, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. हे तीन आकडे प्रत्येक मधुमेह्याला पाठ असावेत, मला बसचं वेळापत्रक पाठ आहे तसे. (रक्त कमी असेल तर ही चाचणी फसवते. लोह कमी असलेल्या बायकांत ती उगाच जास्त दाखवू शकते, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना हे सांगायला नको, पण पेशंटने स्वतःहून बोलावं.)

माझी दाढ गेली ती हिरडीच्या आजाराने. कीड नव्हती, दात शाबूत होता, पण आजूबाजूचं हाड खाली गेलेलं. दातांच्या धंद्यात आयुष्य गेलं आणि स्वतःची दाढ हलायला लागली, यावर घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. ज्या मॅडमकडे गेलो त्यांच्या केसेस मी वर्षानुवर्षं करतो. मला वाटलं होतं, ओळखीचा माणूस, लगेच घेतील. त्यांनी रिपोर्ट मागितला. ९.४. म्हणाल्या, "काका, स्क्रू मी आजही बसवीन, बसेलही. पण तुमच्या बाकीच्या हिरड्यांतून पू येतोय. त्या घरात मी नवीन पाहुणा ठेवणार नाही."

मग आधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नुसतं वरवरचं स्केलिंग नव्हे, भूल देऊन मुळांपर्यंतची सफाई, एकेक बाजू करत. इकडे फिजिशियननी गोळ्या बदलल्या, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं. पुढच्या रिपोर्टला ७.२ आली. यात गोळ्यांचा वाटा मोठा, हे मला कळतं. पण हिरड्यांचाही वाटा असतो. हिरडीची नीट ट्रीटमेंट केली तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरते, असं कॉक्रेन या, जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात आहे. मधुमेहाने हिरडी बिघडते आणि बिघडलेल्या हिरडीने शुगर वाढते, हे दोन्ही बाजूंनी चालतं. हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्येच हिरडीच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, किडनी, नसा, पाय हे सगळं तपासणाऱ्या किती मधुमेह क्लिनिकमध्ये पेशंटला 'आ करा' म्हणतात? मला तरी आजवर कुणी म्हटलेलं नाही.

स्क्रू बसवला तेव्हा सकाळची वेळ दिली होती, नाश्ता करून आणि गोळी घेऊन यायला सांगितलं होतं. उपाशी मधुमेह्याला खुर्चीत झोपवलं की शुगर पडण्याची भीती, म्हणून. मॅडमनी फाईलवर लिहून दिलं : भार चार महिन्यांनंतर, त्याआधी घट्टपणाची मोजणी, शुगर परत वाढली तर मुदत वाढेल. हा एक कागद. माझ्या मते सगळ्या इम्प्लांटमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ भाग.

मधल्या काळात एका बाजूने चावत होतो, सोलापूरची कडक भाकरी बंद होती, दुसरं काही झालं नाही.

आता माझ्या कामाचं थोडं लिहितो, कारण हे डॉक्टर लिहिणार नाहीत आणि पेशंटला माहीत नसतं. मूळ दात हाडात थेट बसलेला नसतो, त्याच्याभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. चावताना दात किंचित दबतो आणि डोक्याला कळतं की खडा आला. इम्प्लांटला ते अस्तर नाही. तो हाडाला थेट धरलेला, दबत नाही, कळवत नाही. म्हणून त्यावरची कॅप खऱ्या दाढेसारखी हुबेहूब करायची नसते. मी ती जरा अरुंद ठेवतो, टोकं बुटकी ठेवतो, आणि वरच्या दाताशी टेकताना हलकी ठेवतो : हलकं चावलं तर वरच्या-खालच्या दातांमध्ये धरलेली पातळ फॉइल सहज निसटली पाहिजे, जोरात चावलं तरच अडकली पाहिजे. पेशंटला वाटतं लॅबवाल्याने दात बारका केला. केला, मुद्दाम केला. माझी स्वतःची कॅप लॅबमधल्या पोराने केली, दिसायला फार सुंदर, दाढेवरच्या खाचा अगदी पुस्तकातल्या. परत करायला लावली.

दुसरी गोष्ट सिमेंटची. कॅप बसवण्याच्या दोन रीती. एकीत कॅप सिमेंटने चिकटवतात, दुसरीत वरून वेगळ्या छोट्या स्क्रूने आवळतात आणि त्या स्क्रूचं भोक दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. लोकांना भोक आवडत नाही, "नवीन दाताला भोक कशाला" म्हणतात. पण सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला की तिथे सूज येते, पू होतो, हाड उतरायला लागतं. सहज काढता येत नाही, सहज दिसत नाही, आणि बऱ्याच वेळा दुखतही नाही. मधुमेह्यात इम्प्लांटभोवतीच्या या आजाराचा धोका आधीच जास्त. पहिल्या वर्षात स्क्रू धरला म्हणजे जिंकलो असं नाही, खरी लढाई पुढच्या दहा वर्षांची, आणि ती जास्त करून हिरडीत होते. म्हणून जागा मिळत असेल तिथे मधुमेह्याला स्क्रूवालीच कॅप द्यावी असं माझं मत. बिघडलं तर उघडून साफ करून परत आवळता येते. काही डॉक्टरांशी यावरून माझे वाद झालेत, त्यांची बाजूही आहे : स्क्रूची दिशा दाताच्या दर्शनी भागातून निघाली तर पुढच्या दाताला ते चालत नाही. मान्य. दाढेला चालतं.

उलट बाजूची केसही सांगतो. आमच्या नात्यातले एक, वय साठीच्या पुढचं, मोठ्या शहरात जाऊन सगळे दात एका पॅकेजमध्ये करून आले. क्लिनिकचं नाव मला लिहायचं नाही. त्यांना एचबीएवनसी कुणी विचारली नाही, हिरडीचं काही केलं नाही, वरचे-खालचे ब्रिज लगेच चिकटवून दिले. घरी आल्यावर पंगतीत बसून मटण खाल्लं, सगळ्यांनी कौतुक केलं. काही महिन्यांनी वरचा ब्रिज एका बाजूने हलायला लागला. काढलेला ब्रिज डॉक्टरांनी माझ्या लॅबमध्ये दुरुस्तीला पाठवला तेव्हा डबी उघडल्याबरोबर वास आला. खालून साफ करायला ब्रश जाईल एवढी फटच ठेवलेली नव्हती. आता हे नेमकं कशाने गेलं? शुगर होती, विडी होती, फट नव्हती, घाई होती. मी एकावर बोट ठेवू शकत नाही, आणि जो ठेवेल त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण यातलं प्रत्येक कलम आधी विचारता आलं असतं.

विडीवरून आठवलं. पुरुषांना निदान 'सिगारेट ओढता का' असं विचारतात. आमच्या भागातल्या आयाबायांना मिशरीबद्दल कुणी विचारत नाही, आणि त्या 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिशरी म्हणजे दात घासायची वस्तू. भाजलेला तंबाखू तो, दिवसातून अनेकदा हिरडीवर घासलेला. मधुमेह आणि त्यात तंबाखू असेल तर स्क्रूला भरीव हाड मिळणार कुठून? प्रश्न 'मिशरी लावता का' असाच, याच शब्दांत विचारला पाहिजे. तसंच म्हाताऱ्या माणसांना हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात, त्याचाही उल्लेख दाताच्या डॉक्टरांकडे करावा. ते औषध घेतलेल्यांत जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याची शक्यता असते. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

पैशाचं बोलायला हवं. आमच्याकडे एका इम्प्लांटचे कॅपसकट पंचवीस-तीस हजार सहज होतात, शहरात त्याहून जास्त. हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची. दातांच्या इम्प्लांटला तसा आधार नाही, आणि बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघाताशिवाय दाताचा खर्च बसत नाही. सगळा पैसा खिशातला. म्हणून घाईचं गणित दोन्ही बाजूंना मोहात पाडतं : पेशंटला खेपा नकोत, क्लिनिकला उधारी नको. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, पण जतच्या माणसाने किती वेळा जायचं?

सगळ्यांना इम्प्लांट हवाच असंही नाही. हे मी धंद्याच्या विरोधात बोलतोय असं वाटेल, पण नीट केलेली कवळी आजही उत्तम चालते. दात एकही नसतील तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यावर बटणाने अडकणारी कवळी, ही व्यवस्था मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या २००२ च्या मसलतीत खालच्या जबड्यासाठी पहिली निवड म्हणून सुचवली गेली. पूर्ण तोंडाच्या ब्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त, रात्री काढून धुता येते, आणि मधुमेह्याला धुता येणं हीच मोठी गोष्ट. आमच्या भागात तिची मागणी फार कमी आहे. 'काढघाल' हा शब्द ऐकला की लोकांचं तोंड वाकडं होतं. जाहिरातीतले नट काढघाल करत नाहीत ना!

आता आपल्याकडे मागणं. त्या लेखाची दुरुस्ती छापावी, आणि ती हिरड्यांचे तज्ज्ञ आणि मधुमेहाचे तज्ज्ञ अशा दोघांकडून एकत्र लिहून घ्यावी, एकेकट्याकडून नको. 'मधुमेह असला तरी चालेल' अशी ओळ असलेली जाहिरात घेताना 'किती एचबीएवनसीपर्यंत आणि किती महिन्यांत' हे त्यात लिहायला लावावं. लिहायला तयार नसतील तर जाहिरात परत करावी, निदान आरोग्याच्या पानावर लावू नये. पाव पान रंगीत जाहिरातीचा दर मला माहीत आहे, तेव्हा ही मागणी स्वस्त नाही हेही माहीत आहे.

आणि वाचकांपैकी जे मधुमेही या कामासाठी क्लिनिकची पायरी चढणार आहेत, त्यांनी अंदाजपत्रकाच्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : आजची एचबीएवनसी, हिरडीची ट्रीटमेंट झाली का, भार टाकण्याची तारीख, आणि इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर. स्टिकरवर कंपनी, माप आणि बॅच असते. दहा वर्षांनी तुमचा डॉक्टर बदललेला असेल, कॅपचा स्क्रू ढिला होईल, आणि माझ्यासारखा कुणीतरी मेकॅनिक कुठल्या कंपनीचा पाना लागतो हे एक्सरे बघून ओळखत बसेल. हे काम मी सध्या आठवड्यातून कधीतरी करतोच.

माझं नाव छापू नये ही विनंती. या पत्रातले निम्मे टोमणे ज्यांना आहेत तेच माझे गिऱ्हाईक आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर कवळ्यांचा सीझन असतो.

आपला वाचक,
एक डेंटल मेकॅनिक, मिरज